प्रेक्षकांची कसोटी

खेळ म्हटला की खेळाडू आले, आणि खेळाडू आले की प्रेक्षकही आलेच. खेळाडूंची कसोटी मैदानावर लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मैदानाभोवती बसलेल्या हजारो माणसांचीही कधी कधी कसोटी लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपला संघ जिंकत असता टाळ्या पिटणे कोणालाही साधते. ज्याच्यावर सारी भिस्त, तोच वीर जायबंदी होऊन पडला म्हणजे पाठीराखे काय करतात, यावरून त्यांची खरी योग्यता कळून येते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरी घडलेल्या दोन घटना या दृष्टीने मनन करण्यासारख्या आहेत.

मिसूरी आणि कॅन्सस या नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर तेथील फुटबॉल संघासाठी विशेष प्रसिद्ध आहे. संघाचे नाव ‘चीफ्स’. १९५९ साली डॅलस येथे स्थापन झालेला हा संघ १९६३ साली कॅन्सस सिटीत आला आणि तेथलाच होऊन गेला. त्याचे ॲरोहेड नावाचे क्रीडांगण १९७२ साली खुले झाले. त्यात सुमारे ७६ हजार माणसे बसतात. सामन्याच्या दिवशी लहानथोर सारेच लाल पोशाख करून येतात आणि क्रीडांगण म्हणजे जणू लाल फुलांचा ताटवा भासू लागतो. या प्रेक्षकांच्या गर्जनेची कीर्ती तर जगभर पसरली आहे. २९ सप्टेंबर २०१४ रोजी येथील आवाज यंत्राने मोजला, तेव्हा तो १४२.२ डेसिबल भरला आणि जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातांनीच खेळला जातो. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू शिरस्त्राण व जाड गाद्यांचे कवच घालून मैदानात उतरतात. मैदान १०० यार्ड लांब असून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टा आखलेला असतो. चेंडू प्रतिपक्षाच्या पट्ट्यात पोहोचवला की ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. तेथवर जाणे साधले नाही, तर चेंडू लाथेने उडवून दोन उंच खांबांच्या मधून पार धाडता येतो. त्याचे तीन गुण. ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

या साऱ्या चढाईचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो धावणाऱ्या सोबत्याकडे सोपवावा, दूरवर फेकावा की स्वतःच घेऊन धावावे, याचा निर्णय त्याला दोन-तीन क्षणांत करावा लागतो. आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर चालून येत असतात. चढाईपूर्वी तो सोबत्यांना खुणेचे शब्द ओरडून सांगतो. ते शब्द नीट ऐकू यावेत म्हणून येथील प्रेक्षकांनी एक मोठी शहाणपणाची रीत पाळली आहे. चेंडू प्रतिपक्षाकडे असताना ते आकाश दणाणून सोडतात. आपल्या संघाकडे असताना मात्र शांत राहतात. आपल्या माणसाला केव्हा आरोळीची गरज आहे आणि केव्हा शांततेची, हे त्यांना उमजते.

आता पहिली घटना. दिनांक २१ जानेवारी २०२३. हंगामातील साखळी सामने संपून बाद फेरी चालू होती. या फेरीत जो हरला, त्याचा हंगाम तेथेच संपतो. कॅन्सस सिटीची गाठ जॅक्सनव्हिलच्या ‘जॅग्वार्स’ संघाशी पडली होती. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक होता पॅट्रिक महोम्स. वय अवघे सत्तावीस. परंतु पन्नास वर्षे हुलकावणी देत असलेले राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याच नेतृत्वाखाली २०२० साली या शहरात परत आले होते. साहजिकच तो सर्वांच्या गळ्यातील ताईत झाला होता.

सामन्याचा पहिला चतुर्थांश संपत आला असता महोम्सने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी प्रतिपक्षाचा एक भारदस्त गडी त्याच्या उजव्या पायावर कोसळला. पाय शरीराच्या भाराखाली विचित्र रीतीने वळला. महोम्स उठला खरा, पण लंगडतच. पाऊल टेकताना होणाऱ्या वेदना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटत होत्या. एवढे ते गर्जणारे क्रीडांगण. पण त्यावर क्षणात चिंतेचे सावट पसरले.

ही दुखापत किती गंभीर होती, हे समजण्यासाठी घोट्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. गुडघ्याखाली पायात दोन हाडे शेजारीशेजारी असतात. घोट्याच्या किंचित वर ती चिवट अस्थिबंधांनी एकमेकांस जखडलेली असतात. पाऊल बाहेरच्या बाजूस जोराने पिळले गेले, की हे बंध ताणले जातात किंवा फाटतात. साध्या मुरगळण्यापेक्षा हे दुखणे चिवट असते आणि ते बरे होण्यास बहुधा कित्येक आठवडे लागतात. चेंडू हाताने फेकावयाचा असला, तरी त्यामागचे बळ पायातून येते. उजव्या हाताने फेकणारा मनुष्य उजवे पाऊल मागे रोवतो आणि त्यावर रेटा देऊन फेकतो. महोम्स उजव्या हाताने फेकणारा, आणि दुखावला तो नेमका उजवा घोटा! शिवाय धावत-पळत चकवे देणे, ही तर त्याची खासियत होती.

तरीही त्याने मैदान सोडण्यास नकार दिला. लंगडत लंगडतच त्याने ती चढाई पुरी केली आणि संघाला तीन गुण मिळून आघाडी १०-७ अशी झाली. परंतु मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला पुढे खेळू दिले नाही. क्ष-किरण तपासणी झाल्यावाचून मैदानात पाऊल टाकावयाचे नाही, असा त्यांचा निर्णय होता. महोम्सचा संताप अनावर झाला. त्याने अंगावरचा डगला जमिनीवर फेकून दिला. परंतु शेवटी त्याला आत जावेच लागले. शूर शिपायाला जसे लढावेसे वाटते, तसेच त्यालाही वाटत होते. आणि शहाण्या सेनापतीने जसे आवरावे, तसे रीड यांनी त्याला आवरले. दोघांचेही वर्तन आपापल्या परी योग्यच होते. तथापि अशा वेळी शब्द मानावयाचा तो सेनापतीचाच.

महोम्सच्या जागी चॅड हेनी मैदानात उतरला. सदतीस वर्षांचा हा राखीव खेळाडू. पूर्वी कित्येक वर्षे तो त्याच जॅक्सनव्हिलच्या संघात होता. त्या हंगामात त्याच्यावर मैदानात उतरण्याचा प्रसंग क्वचितच आला होता. राखीव खेळाडूचे जिणे मोठे चमत्कारिक असते. रोज सर्वांइतकाच सराव करावयाचा आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभे राहावयाचे. संधी आली, तर ती सोबत्याच्या दुर्दैवातूनच यावयाची. आणि आली म्हणजे एका निमिषाची सवलत न देता यावयाची. हेनीला चेंडू मिळाला, तोही स्वतःच्या बाजूच्या दोन यार्डांच्या रेषेवर. म्हणजे समोर तब्बल ९८ यार्डांचे अंतर!

या क्षणी प्रेक्षकांची कसोटी होती. लाडका नायक आत गेला म्हणून ते हताश होऊन बसले असते, किंवा हेनीच्या पहिल्याच चुकीला कुरकुर करू लागले असते, तर त्या वयस्क खेळाडूचे मनोधैर्य खचले असते. परंतु नायकाला जी शांतता ते देत, तीच त्यांनी राखीव खेळाडूला दिली आणि जी दाद नायकाला देत, तीच त्यालाही दिली. हेनीने घाई केली नाही. थोडे फेकून, थोडे सोबत्यांकडे सोपवून, बारा चालींत त्याने ते ९८ यार्ड ओलांडले. अखेरची फेक ट्रॅव्हिस केल्सी याच्या हाती विसावली आणि क्रीडांगणात आनंदाला उधाण आले. आघाडी १७-७ झाली.

तपासणीत हाड मोडलेले नाही, असे आढळले. घोट्याला घट्ट पट्टी बांधून महोम्स उत्तरार्धात परतला आणि कॅन्सस सिटीने २७-२० असा विजय मिळविला. संघांतील अंतर केवळ सात गुणांचे होते. हेनीच्या त्या एका चढाईचे मोलही, टचडाउन आणि त्यानंतरचा जादा गुण धरून, नेमके सातच होते!

पुढील आठवडाभर साऱ्या शहराच्या तोंडी घोट्याखेरीज दुसरा विषय नव्हता. उपांत्य सामन्यात गाठ होती सिनसिनाटीच्या ‘बेंगल्स’ संघाशी. या संघाने कॅन्सस सिटीला लागोपाठ तीन वेळा धूळ चारली होती. महोम्स खेळेल काय? खेळला, तर धावू शकेल काय? २९ जानेवारी रोजी तो खेळला. सामना संपावयास काही सेकंद उरले असता २०-२० अशी बरोबरी होती. त्या वेळी महोम्स दुखऱ्या पायानिशी पाच यार्ड धावला आणि सीमारेषेबाहेर गेला. तो बाहेर गेल्यानंतर सिनसिनाटीच्या जोसेफ ओसाई या तरुण खेळाडूने भरवेगात त्याला धक्का दिला. नियमाप्रमाणे ओसाईच्या संघाला पंधरा यार्डांचा दंड झाला. त्यामुळे कॅन्सस सिटीच्या हॅरिसन बटकरला ४५ यार्डांवरून लाथ मारणे शक्य झाले. केवळ तीन सेकंद उरले असता चेंडू खांबांमधून पार गेला आणि २३-२० असा निकाल लागला.

ओसाई त्या वेळी अवघ्या बावीस वर्षांचा होता. तो बाकावर बसून रडू लागला. सामन्यानंतर वार्ताहरांनी त्याच्याभोवती गराडा घातला, तेव्हा बी. जे. हिल हा त्याचा सहखेळाडू पाठीराख्या भावाप्रमाणे त्याच्या शेजारी उभा राहिला आणि बोचरे प्रश्न त्याने परतवून लावले. पराभवाच्या दुःखातही सोबत्याची लाज राखणारा तो हिल, विजयी वीरांइतकाच स्मरणात ठेवण्यासारखा आहे.

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे अंतिम सामना झाला. त्याला ‘सुपर बोल’ म्हणतात. प्रतिस्पर्धी होता फिलाडेल्फियाचा ‘ईगल्स’ हा संघ. मध्यंतराच्या थोडे आधी महोम्सचा तोच घोटा पुन्हा दुखावला. मध्यंतरास ईगल्स २४-१४ असे पुढे होते. लंगडत आत जाणाऱ्या महोम्सला पाहून त्याच्या पाठीराख्यांच्या काळजात चर्र झाले. परंतु उत्तरार्धात तो पुन्हा उभा राहिला. एकदा तर दुखऱ्या पायाने २६ यार्ड धावला. आठ सेकंद उरले असता बटकरने पुन्हा एकदा चेंडू खांबांपार धाडला आणि कॅन्सस सिटीने ३८-३५ असा विजय मिळविला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान महोम्सला लाभला. तीन दिवसांनी शहरात विजयाची मिरवणूक निघाली.

कथा येथे संपविली, तर ती गोड होईल. पण पुरी होणार नाही. कारण महोम्ससारख्या विजयी वीरावर प्रेम करणे सोपे असते. जो हरतो आहे, ज्याच्या हातून चुका होत आहेत, तो घायाळ झाला तर काय? या प्रश्नाचे उत्तर देणारी दुसरी घटना याच ॲरोहेड क्रीडांगणात पूर्वी घडून गेली होती, आणि ती तितकी गौरवाची नाही.

ते २०१२ साल होते. त्या हंगामात कॅन्सस सिटीने सोळांपैकी केवळ दोन सामने जिंकले. तेव्हाचा क्वार्टरबॅक मॅट कॅसल याच्यावर लोक रुष्ट झाले होते. त्याला काढून टाका, अशी मागणी उघडपणे होत होती. ७ ऑक्टोबर रोजी बाल्टिमोरच्या ‘रेव्हन्स’ संघाविरुद्ध खेळताना कॅसलच्या डोक्याला जबर मार बसून तो मैदानावर पडला. आणि त्या वेळी प्रेक्षकांपैकी काहींनी चक्क आनंदाचे चीत्कार काढले! आता दुसरा खेळाडू येईल, याचा तो आनंद होता. आपलाच माणूस डोळ्यांदेखत निपचित पडला आहे, याचे त्यांना भान राहिले नाही.

कॅसलचा सहखेळाडू एरिक विन्स्टन याला हे सहन झाले नाही. क्वार्टरबॅकचे रक्षण करणे, हेच विन्स्टनचे मैदानावरील काम. सामन्यानंतर वार्ताहरांसमोर त्याने प्रेक्षकांना कडक शब्दांत सुनावले. खेळाडू म्हणजे प्राचीन रोमच्या आखाड्यात मरेपर्यंत झुंजविले जाणारे योद्धे नव्हेत. तीही हाडामांसाची माणसे आहेत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ज्यांच्या टाळ्यांवर आपली लोकप्रियता अवलंबून, त्यांनाच दोष देण्यास मोठे धैर्य लागते. प्रतिपक्षाच्या गड्यांपासून विन्स्टन आपल्या सोबत्याचे रक्षण नेहमीच करीत असे. त्या दिवशी त्याने ते स्वतःच्या पाठीराख्यांपासून केले.

हे सर्वच प्रेक्षकांनी केले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. हजारोंच्या समुदायात थोडेच लोक तसे वागले. परंतु दुधाच्या घागरीत मिठाचा खडा पडावयास कितीसा वेळ लागतो? समुदायात मनुष्य एकटा नसतो. आपला आवाज इतरांच्या आवाजात लपून जाईल, असे त्याला वाटते आणि एरवी जे शब्द तो ओठांवर आणणार नाही, ते तेथे सहज ओरडून बसतो. म्हणूनच समुदायात असताना मनाचा लगाम अधिक घट्ट धरावा लागतो.

याच्या अगदी उलट प्रकार १६ जानेवारी २०२१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील बफलो या शहराशी निगडित आहे. तेथील ‘बिल्स’ संघाशी खेळताना बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याच्या डोक्याला इजा झाली आणि तो सामन्यात परतू शकला नाही. बिल्स १७-३ असे जिंकले. जॅक्सन हा बफलोकरांचा प्रतिस्पर्धी. तो गेल्याने त्यांचा विजय सुकर झाला होता. परंतु बिल्सच्या पाठीराख्यांनी काय करावे? शाळकरी मुलांना सुटीच्या दिवशी उपाशी राहावे लागू नये म्हणून अन्न पुरविणारी एक संस्था आहे. जॅक्सन तिचा साहाय्यकर्ता होता. पाठीराख्यांनी त्या संस्थेला थोड्याथोड्या रकमा पाठविण्यास आरंभ केला. पाहता पाहता दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. प्रतिस्पर्ध्याची जखम त्यांना भरून काढता येत नव्हती. पण त्याच्या नावाने भुकेल्या मुलांच्या मुखी दोन घास घालता येत होते, ते त्यांनी घातले.

एकाच खेळातील हे तीन प्रसंग. एका ठिकाणी लाडका नायक जखमी झाला असता प्रेक्षकांनी त्याच्या जागी आलेल्या सामान्य खेळाडूला आधार दिला. दुसऱ्या ठिकाणी नावडता खेळाडू पडला असता काहींनी हर्ष मानला. तिसऱ्या ठिकाणी तर परक्या खेळाडूचे दुःखही लोकांनी आपले मानले. विशेष हे की, पहिले दोन प्रसंग एकाच क्रीडांगणातले आहेत. यावरून असे दिसते, की चांगुलपणा हा एखाद्या गावाचा कायमचा ठेवा नसतो; तो प्रत्येक सामन्याला, प्रत्येक प्रेक्षकाला नव्याने मिळवावा लागतो.

महोम्सच्या धैर्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु दुखऱ्या पायाने खेळत राहणे हेच शौर्य, असा त्यातून अर्थ काढू नये. त्याच्यामागे वैद्य होते, तपासणी होती आणि वेळीच ‘थांब’ म्हणणारा प्रशिक्षक होता. शाळेच्या मैदानावर एखाद्याचा घोटा मुरगळला असता ‘खेळ, खेळ’ म्हणून त्याला भरीस घालणे ही मैत्री नव्हे. त्याला खांद्याचा आधार देऊन बाजूला नेणे, त्याच्या जागी उतरणाऱ्याची पाठ थोपटणे आणि सामना संपल्यावर प्रथम जखमी गड्याची विचारपूस करणे, ही खरी खिलाडू वृत्ती होय. सामन्याचे गुण फलकावर लिहिले जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसलेही जातात. पडलेल्या माणसाशी आपण कसे वागलो, हे मात्र त्या माणसाच्या मनातून कधीच पुसले जात नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) कॅन्सस सिटी हे शहर कोणत्या नद्यांच्या संगमावर वसले आहे?
(आ) आपल्या संघाकडे चेंडू असताना ॲरोहेडचे प्रेक्षक शांत का राहतात?
(इ) अँडी रीड यांनी महोम्सला कोणत्या अटीवर थांबविले?
(ई) बफलोच्या पाठीराख्यांनी कोणत्या कार्यासाठी पैसे पाठविले?

२. महोम्सच्या उजव्या घोट्याची दुखापत त्याच्या खेळाच्या दृष्टीने विशेष गंभीर का होती, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. ‘राखीव खेळाडूचे जिणे मोठे चमत्कारिक असते.’ हेनीच्या उदाहरणाने हे विधान स्पष्ट करा.

४. बी. जे. हिल आणि एरिक विन्स्टन यांच्या वर्तनात कोणते साम्य आहे? तुम्हांला कोणाचे काम अधिक कठीण वाटते? का?

५. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा :
गळ्यातील ताईत होणे, धूळ चारणे, हुलकावणी देणे, भरीस घालणे, काळजात चर्र होणे.

६. तुमच्या शाळेच्या सामन्यात प्रतिपक्षाचा उत्तम खेळाडू जखमी झाला, अशी कल्पना करा. त्या वेळी तुम्ही व तुमचे सोबती कसे वागाल, यावर पंधरा ओळींचा निबंध लिहा.